कान्कुनहून मेरिदा: बसने जा, पण वायादोलिदला उतरून जा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही ह्यूस्टनला असतो. डिसेंबरअखेरीस सासू-सासऱ्यांना घेऊन कान्कुनला उतरणार आहोत. दोघंही सत्तरीचे, पक्के शाकाहारी. तिथून मेरिदाला बसने जाणं त्यांना झेपेल का? आणि चिचेन इत्सा वाटेतच उरकता येईल का?"

बस झेपेल, अगदी आरामात झेपेल. चिचेन इत्सा, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांच्या प्राचीन नगरीचे अवशेष, मात्र वाटेत उरकू नका. गेली अकरा वर्षं मी मराठी माणसांचे छोटे गट मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात नेते. त्यातले निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे असतात. सामान बसच्या पोटात आणि जीव सामानात ठेवून तिथल्या कुकुल्कान या नागदेवाच्या पिरॅमिडसमोर उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. तासाभरात ते परतीचं विचारायला लागतात. म्हणून सगळं नीट सांगते.

आधी बसविषयी. तिकडच्या मुख्य कंपनीचं नाव एडीओ, तिथले लोक तिला 'आदेओ' म्हणतात. पहिल्या वर्गाची गाडी म्हणजे आपली शिवनेरी समजा: नंबराची सीट, मागे शौचालय, मधे फारसे थांबे नाहीत. कान्कुन ते मेरिदा अंतर साधारण ३१० किलोमीटर आणि वेळ चार तासांच्या आसपास. रस्ता टोलचा, सरळसोट, दोन्ही बाजूंना बुटकं जंगल. युकातानचा हा सगळा भाग चुनखडीचं सपाट पठार आहे, त्यामुळे घाट नाही आणि वळणंही नाहीत. सासूबाईंना बस लागत असेल तरी या रस्त्यावर लागण्याची भीती नाही. त्रास होतो तो एसीचा. चालक तो असा सोडतात की बाहेर तीस अंश असताना आत बसलेल्या माणसाचे दात वाजतात. शाल आणि पायमोजे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत ठेवलेत तर ते बसच्या पोटात जातील आणि उतरेपर्यंत हाती लागणार नाहीत.

विमानतळाच्या बाहेर पडताना आधी टॅक्सीवाल्यांचा आणि रिसॉर्टवाल्यांचा गराडा पडतो. मान खाली घालून चालत राहा, पुढे आदेओचा काउंटर दिसतो. विमानतळावरून थेट मेरिदाला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण दिवसातून मोजक्याच. नाही जमली तर अर्ध्या तासावरच्या कान्कुन शहरातल्या बसस्थानकात या, तिथून गाड्यांना तोटा नाही. तिकीट काढताना पडद्यावर सीट दाखवतात, तेव्हा उजवीकडची मागा. गाडी पश्चिमेला जाते आणि डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून, म्हणजे डावीकडून येतं. शौचालय मागे असल्यामुळे शेवटच्या दोन-तीन रांगा टाळा. सामानाला लावलेल्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा तुम्हाला देतात, तो जपून ठेवा. उतरताना तो दाखवल्याशिवाय बॅग हातात पडत नाही. तुम्ही येताय तेव्हा नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत अख्खा मेक्सिको रस्त्यावर असतो. त्या दिवसांत "जाऊन बघू, मिळेल" असं चालत नाही. तिकिटं आठवडाभर आधी काढा, लवकर काढली तर बहुतेकदा स्वस्तही पडतात.

आता एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे गाड्या चुकतात. कान्कुन ज्या किंताना रो राज्यात आहे तिथलं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं, बारा महिने. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते. सकाळी आठला कान्कुनहून निघून चार तास प्रवास केलात तर मेरिदात अकरा वाजलेले असतात. फोन आपोआप बदलतो. सासऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि घरातला वेळेचा अधिकार बहुधा त्यांच्याकडेच असतो. राज्याची हद्द ओलांडली की त्यांना काटा एक तास मागे घ्यायला लावा.

चिचेन इत्साचं कारण सांगते. ते बरोबर मधे येतं हे खरं, आणि कान्कुनहून तिथे थेट बसही आहे. पण कान्कुनच्या सगळ्या हॉटेलांतल्या सहलीच्या गाड्या साडेदहा-अकराच्या सुमारास तिथे पोहोचतात, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबरच पोहोचाल. डोक्यावर ऊन, सावली जवळजवळ नाही, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना जॅग्वारच्या आवाजाच्या शिट्ट्या फुंकणारे विक्रेते. हेच ठिकाण सकाळी आठला, दार उघडताना, निराळं असतं. त्यासाठी आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद गावात मुक्काम हवा.

म्हणून माझा आराखडा साधा आहे. कान्कुनहून दोन-सव्वादोन तासांत वायादोलिदला उतरायचं आणि दोन रात्री राहायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मेरिदा गाठायचं आणि तिथे निदान चार रात्री काढायच्या.

वायादोलिदचं बसस्थानक भर गावात आहे, चौक चालत पाच मिनिटांवर. गाव स्पॅनिशांनी १५४३ मध्ये आधी दुसरीकडे वसवलं आणि दोनच वर्षांत इथे हलवलं, सासी नावाच्या माया गावाच्या जागेवर. त्या गावाचं नाव लावणारं सेनोते, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली पाण्याची डोह-विहीर, आजही वस्तीच्या मधोमध आहे. संध्याकाळी सान बेर्नार्दिनोच्या मठाकडे जाणाऱ्या रंगीत घरांच्या गल्लीतून चक्कर मारा. १८४७ मध्ये माया लोकांनी गोऱ्या जमीनदारांविरुद्ध जे मोठं बंड पुकारलं, त्याची ठिणगी याच परिसरात पडली. पुढे ते अर्धं शतक धुमसत राहिलं.

चिचेनला वायादोलिदहून 'कोलेक्तिवो' जातात. कोलेक्तिवो म्हणजे वडाप: माणसं भरली की निघणार. बसस्थानकाजवळच त्यांचा थांबा आहे आणि पाऊण तासात पोहोचवतात. सातच्या आसपास थांब्यावर असा. तिकीट दोन भागांत घ्यावं लागतं, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, एक राज्याचं. दुसरं मागितलं म्हणून घाबरू नका, कोणी दोनदा पैसे उकळत नाहीये. रोख पेसो जवळ ठेवा. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश फुकट असल्याने गर्दी दुप्पट वाटते. पिरॅमिडवर चढू देत नाहीत आणि तुमच्या मंडळींच्या गुडघ्यांसाठी ते उत्तमच आहे. चारी बाजूंना ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५. उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून सासऱ्यांना एक टाळी वाजवायला सांगा. पायऱ्यांवरून जो प्रतिध्वनी येतो तो टाळीसारखा नसतोच, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा असतो. सव्वाआठच्या शांततेत तो स्वच्छ ऐकू येतो. अकराला आवाजांच्या गलक्यात तुमचा तुम्हालाही येणार नाही. साडेदहाला बाहेर पडा, वायादोलिदला परता, जेवा, झोपा.

तिसऱ्या दिवशी मेरिदा, अजून दोन-अडीच तास. तिथे एकाहून जास्त बसस्थानकं आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. पहिल्या वर्गाच्या बहुतेक गाड्या 'कामे'ला येतात, सत्तर नंबरच्या रस्त्यावर. काही गाड्या शहराच्या उत्तरेला फिएस्ता आमेरिकाना हॉटेलपाशी जातात. दुसऱ्या वर्गाच्या गाड्यांचं 'तामे' हे स्थानक कामेच्या पाठीलाच लागून, एकोणसत्तर नंबरच्या रस्त्यावर. इसामालकडच्या गाड्यांचं स्थानक आणखी वेगळं. तिकिटावर गावाबरोबर स्थानकाचंही नाव असतं, ते वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका.

रस्त्यांना सहसा नावं नाहीत, नंबर आहेत, आणि एकदा युक्ती कळली की मेरिदात चुकायला होत नाही. सम आकडे उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. साठनंतर बासष्ट येतो, म्हणजे दोन आकड्यांचा फरक हा एकच चौक असतो. पत्ता 'साठ, सत्तावन्न आणि एकोणसाठच्या मधे' असा देतात. आकड्यांच्या आधीच्या काळात लोक कोपऱ्यांना चित्रांवरून ओळखत. तशा जुन्या पाट्या अजून भिंतींवर आहेत, एका कोपऱ्यावर तर हत्ती आहे. घर मोठ्या चौकाच्या, प्लासा ग्रांदेच्या, आसपास घ्या. कामेपासून तो चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण बॅगा असतील तर टॅक्सी करा, पदपथ अरुंद आणि उंच आहेत.

मेरिदाला लोक 'अवशेषांजवळचं जुनं स्पॅनिश शहर' म्हणतात. मला ते वर्णन अर्धवट वाटतं, कारण ते शहर अवशेषांवरच उभं आहे. ६ जानेवारी १५४२ रोजी धाकट्या फ्रान्सिस्को दे मोंतेहो या स्पॅनिश सरदाराने ते वसवलं तेव्हा इथे तिहो नावाच्या माया नगरीचे पिरॅमिड होते. चुनखडीचे घडीव दगड आयते समोर, आणि रचायला हातही त्याच लोकांचे. चौकातलं कॅथेड्रल १५९८ मध्ये पुरं झालं. त्याच्या भिंतीशी अगदी जवळ उभं राहा आणि हात लावून बघा. आधी मंदिराच्या चौथऱ्यात बसलेला दगड चारशे वर्षांपासून चर्चच्या भिंतीत आहे. चौकाच्या दक्षिणेला मोंतेहोचा वाडा आहे, दर्शनी भाग १५४९ चा. दाराच्या वर दोन शिलेदार कोरलेत, भाले घेतलेले. त्यांचे पाय कशावर आहेत ते नीट पाहा: तोंड उघडून ओरडणाऱ्या माणसांच्या मुंडक्यांवर. जिंकणाऱ्याने स्वतःच्या घरावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ते कोरून घेतलं आहे. माझे गट तिथे नेहमी गप्प होतात. गोव्याचे कोणी असले तर जास्तच, कारण काळही तोच आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं. इकडे मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने जुलै १५६२ मध्ये माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. झाडाच्या सालीच्या कागदावरच्या त्या पोथ्यांपैकी आज जगात चारच उरल्या आहेत. त्यातल्या तीन युरोपात आहेत, ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिसला.

उत्तरेकडच्या पासेओ दे मोंतेहो या रुंद रस्त्यावरचे महाल मात्र घायपाताच्या पैशाचे आहेत. हो, आपलंच घायपात, शेताच्या बांधावरचं! त्याचं मूळ घर मेक्सिको. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या जहाजांना आणि कापणीयंत्रांना दोरखंड हवे होते आणि युकातानच्या घायपाताने हेसिएन्दांचे, म्हणजे मोठ्या मळ्यांचे, मालक गडगंज झाले. पानं कापणारे माया मजूर पिढ्यान् पिढ्या मालकाच्या कर्जात अडकलेले. ज्या बंदरातून माल जाई त्याचं नाव सिसाल, तेच आज जगात त्या धाग्याचं नाव आहे. मेरिदाहून कुठेही बसने निघालात तर खिडकीतून जुनी शेतं दिसतात. साताऱ्याकडच्या एक आजी ती बघून मोठ्यांदा म्हणाल्या होत्या, "अगं, आमच्या कासऱ्याचं हे!"

उश्माल चुकवू नका. चिचेनला जाऊन आलात म्हणजे माया अवशेष झाले, असं समजू नका. मला विचाराल तर कारागिरीत उश्माल सरस आहे. ते मेरिदाच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर. तामेतून दुसऱ्या वर्गाची गाडी दीड तासात नेते. ही गाडी म्हणजे आपली लाल परी: हात दाखवाल तिथे थांबते, आत शौचालय नसतं, मुना गावात शेंगदाणे आणि सोललेली संत्री घेऊन विक्रेते चढतात. पांढऱ्या, गळ्याशी रंगीत भरतकाम केलेल्या उइपिल झग्यांमधल्या बायका शेजारी बसतात आणि आपसांत माया भाषेत बोलतात. एकदा माझ्या शेजारच्या मावशींना मी 'बिश आ बेल' म्हटलं, म्हणजे 'कशा आहात'. त्यांनी आधी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, मग हसल्या आणि पिशवीतून एक चिकू काढून माझ्या हातावर ठेवला. चिकूही मूळचा त्यांचाच. त्याच्या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम होई, आणि त्याचं लाकूड इतकं चिवट की माया मंदिरांच्या दारांवर त्याच्या तुळया हजार वर्षं टिकल्या.

उश्मालमध्ये नदी नाही, आणि उत्तरेकडे जागोजाग असणारी सेनोतेही या पूक टेकड्यांत नाहीत. पाणी फक्त पावसाचं. म्हणून राज्यपालांचा महाल म्हणतात त्या शंभरेक मीटर लांब इमारतीवर पर्जन्यदेव चाकचे मुखवटे ओळीने लावलेत, सोंडेसारखं वळलेलं नाक असलेले. आणि म्हणूनच जमिनीत चुलतुन आहेत: अरुंद तोंडाची, पोटाशी फुगलेली, आतून चुन्याचा गिलावा केलेली टाकी. अंगणाला उतार देऊन पावसाचं पाणी त्या तोंडाकडे वळवलेलं असतं. ट्रेकिंगमध्ये उभं आयुष्य घालवलेले वाईचे एक काका तिथे वाकून आत डोकावत राहिले. बाकीचे पुढे गेले तरी ते हलेनात. मग म्हणाले, "राजगडावर असंच टाकं आहे. फक्त आपण कातळ फोडला, यांनी चुना लावला."

सेनोतेंची गोष्टही आपल्याला जवळची आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेरिदाच्या उत्तरेला, आज चिक्शुलुब गाव आहे तिथे, प्रचंड अशनी आदळली. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या त्या विवराच्या कडेने सेनोतेंची कमान आहे. त्याच सुमारास इकडे आपल्या दख्खनवर लाव्ह्याचे थर साचत होते, ज्यांचा पुढे सह्याद्री झाला. डायनोसॉर संपले त्यात कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या भांडणातली दोन्ही ठिकाणं तुमच्या सासऱ्यांनी एका आयुष्यात पाहिली असतील.

उश्मालची परतीची गाडी मात्र आधी पक्की करा. तामेच्या खिडकीवर परतीच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि उतरताना चालकालाही विचारा. परतीला प्रवेशद्वाराबाहेर मोठ्या रस्त्यावर उभं राहून हात दाखवावा लागतो, आणि गाडी भरलेली असेल तर ती थांबत नाही. एका एप्रिलमध्ये, चाळीस अंशांत, माझ्या चार माणसांना मी तिथे पावणेदोन तास उभं केलं. त्यातल्या एका बाईंना चक्कर आली. चूक माझी होती, मी शेवटून दुसऱ्या गाडीच्या भरवशावर राहिले होते. तेव्हापासून सत्तरीचं कोणी बरोबर असेल तर जाताना बस आणि येताना मेरिदाहून आधीच ठरवलेली गाडी, असं करते. तुम्हीही तेच करा.

वेळ उरला तर इसामालला अर्धा दिवस द्या. अख्खं गाव पिवळ्या रंगाचं, मठ थेट पिरॅमिडच्या चौथऱ्यावर बांधलेला, आणि दोन गल्ल्या सोडून दुसरा प्रचंड पिरॅमिड घरांच्या मधे उभा. बसने दीड तास.

जेवणाचं. 'सिन कार्ने' म्हटलं की त्यांच्या मते फक्त लाल मांस नको, कोंबडी चालते. म्हणून 'नि कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासा नको, असं तिन्ही म्हणा. राजम्यासारख्या काळ्या घेवड्यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते, तिला 'मान्तेका' म्हणतात. 'सिन मान्तेका' विचारा, आणि समोरचा घुटमळला तर घेऊ नका. बिनधास्त मागवायचं ते सिकिल पाक, म्हणजे भोपळ्याच्या बियांची टोमॅटो घालून केलेली चटणी, आणि सोबत मक्याची गरम तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे तिला जो खमंग वास येतो तो आपल्या मक्याच्या भाकरीला नसतो. अंडं चालत असेल तर पापात्सुलेस, म्हणजे भोपळ्याच्या बियांच्या रश्श्यातल्या, अंडं भरलेल्या तोर्तिया, खा. हबानेरो मिरचीची चटणी बोटाच्या टोकावर घेऊन आधी चाखा. कोल्हापूरच्या माणसांनीही.

रेल्वेचं कोणीतरी सुचवेलच. माया रेल्वे डिसेंबर २०२३ पासून कान्कुन-मेरिदा मार्गावर धावते. पण मेरिदाचं स्टेशन शहराबाहेर तेयाला आहे, बाकीचीही गावांपासून लांबच. दोन म्हाताऱ्या माणसांना बॅगांसह दोनदा गाडी बदलायला लावण्यापेक्षा गावात नेऊन सोडणारी बस मला बरी वाटते.

कागदपत्रांत एवढंच की सासू-सासऱ्यांच्या पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे मात्र निघण्याआधी बघा, कारण परत ह्यूस्टनला यायचं आहे.

आणि परतीचा हिशेब उलटा धरा. मेरिदाहून सकाळी सातला निघालात तर चार तासांनी कान्कुनमध्ये बारा वाजलेले असतील. दुपारी दोनचं विमान असेल तर ही गाडी उशिराची आहे. आदल्या रात्री कान्कुनलाच येऊन झोपा, आणि हद्द ओलांडताना सासऱ्यांचं घड्याळ एक तास पुढे करा.